सहा ते वीस

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
सोमवार बुधवार शुक्रवार, सकाळी साडेसात.
छातीवरच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना
रोशनी उईके गार, चिकट टिकल्या लावते,
वायरी जोडते. "चला अनसूयाकाकू."
पट्टा पायाखालून सरकू लागतो.

चाळीस वर्षं मी पावडी दाबली
तांडापेठेतल्या खड्डामागावर.
पाय हलले की कापड पुढे यायचं,
बोटभर, वीतभर, दिवस मावळता दोन हात.
इथे पाय हलतात आणि काहीच येत नाही.
पहिल्या दिवशी मी वाकून पाहिलंसुद्धा,
मागे कशावर गुंडाळलं जातंय ते.
रोशनी ओरडली, "समोर पाहा!"

मधून मधून ती विचारते, दम किती?
सहा ते वीसमधला आकडा सांगायचा.
"एकापासून काहून नाही वं?"
"बसल्या जागीबी कोणी शून्य नसते, काकू."
हे खरं कारण नसेल.
मला पटलं.

आमची तुकडी नऊ जणांची.
मोटघरे गुरुजी दर वेळी एक आकडा कमी सांगायचे,
शाळेत गुण द्यायचे तसे.
फारूखभाई मोमिनपुऱ्यात कूलर दुरुस्त करतात,
सायकल मारता मारता छताकडे कान लावायचे:
"इसका बेअरिंग गया."
जैस्वाल शेठ दहाव्या दिवसानंतर दिसले नाहीत,
"आता बरं वाटते" म्हणून गेले म्हणे.
बरं वाटणं मोठं फसवं.
कुणाच्या घरी लग्न निघालं,
एका तरुण पोराला मालकानं सुट्टी दिली नाही.
पारा पंचेचाळीसवर गेला तेव्हा
आम्ही चौघं उरलो होतो.

मग मीही.
सतरा झाले होते. सून म्हणाली,
"आई, परतताना ऊन लागन, आज राहू द्या."
राहू दिलेली सकाळ फार मऊ असते,
दुसरी तिच्याहून मऊ.
चौथ्या खाड्याला बूट दिसेनासे झाले
दारामागे, जिथे मीच ठेवले होते.
ऊन हे निमित्त. खरं कुणाला सांगितलं नाही:
त्या पडद्यावर माझी रेघ चालते,
एखाद दिवशी ती चुकली
तर मलाच आधी दिसेल.

फोन आला. वाटलं, रागवेल.
"काकू, फारूखभाईनं तिसऱ्या पट्ट्यावर
रुमाल टाकून ठेवला तुमच्यासाठी,
एसटीत टाकते ना, तसा.
दुसऱ्या कोणाले चढू देऊन नाई राह्यले."

मागावर ताणा तुटतोच.
तुटला म्हणून कोणी लुगडं फेकत नाही.
टोकं ओली करायची, पीळ द्यायचा, गाठ.
सुलट बाजूनं दिसत नाही ती,
उलट्या बाजूनं हात फिरवला की लागते.

चितार ओळीला मेट्रोत बसले,
झाशी राणी चौकातून चालत गेले, दोनदा थांबले.
कार्डावर चार चौकोन रिकामे होते.
रोशनीनं ते भरले नाहीत.
रुमाल निळा, चौकड्यांचा,
त्याला मशीनच्या तेलाचा वास.

"किती?"
"सोळा." याच वेगाला आधी तेरा असायचा.
"हळू करते," ती म्हणाली,
आणि हळू केलं.

छत्तीस झाले तेव्हा जुलै अर्धा सरला होता.
गुरुजींनी संत्राबर्फीचा डबा आणला,
रोशनीनं झाकण उघडून पाहिलं,
सगळ्यांकडे पाहिलं,
आणि एकेका तुकड्याचे चार भाग केले.

आता वायरी नाहीत.
शुक्रवारी तलावाला फेरी घालते,
किती, मीच विचारते,
मीच सांगते, तेरा.
कधी खोटंही सांगते, गुरुजींसारखं.
वळणावरच्या बाकावर
निळा रुमाल पडलेला असतो.
कोणी दुसरं बसायच्या आत
मला तिथवर पोचायचं असतं.